बटणाची मऊ बाजू

टिळकवाडी, बेळगाव
दसऱ्याच्या आधीचा रविवार

प्रिय बाळ,

दोन्ही गाड्यांचे कागद व्हॉट्सॲपवर मिळाले. फोनवर अंगठ्याने लिहायला मला जमत नाही, आणि बोलायला लागलो की तू मध्येच 'हो काका, कळलं' म्हणून पुढच्या विषयावर जातेस. म्हणून कागदावर लिहितोय. वाचून झाल्यावर फोटो काढून ठेव, नाहीतर चुलीत घाल.

प्रश्न मला असा समजलाय. दोन्ही पोर्शे ७१८ केमन, दोन्हींचं इंजिन तेच २ लिटरचं, ३०० हॉर्सपॉवरचं. पुण्याची गाडी साधी आहे: नेहमीचं सस्पेन्शन, १८ इंची रिम. बंगळूरच्या गाडीला पहिल्या मालकाने हौसेने सगळं घेतलंय: पीएएसएम म्हणजे बदलते डॅम्पर, पीटीव्ही म्हणजे मागच्या चाकांचं लॉक होणारं डिफरन्शियल, स्पोर्ट क्रोनो आणि २० इंची रिम. तो सहा लाख जास्त मागतोय. आणि तू विचारतेस, हे हँडलिंगचे, म्हणजे गाडी वळायला-सावरायला मदत करणारे ऑप्शन घेण्यालायक आहेत का.

कुठल्या रस्त्यावर, हे तू लिहिलंच नाहीस. मला मात्र माहीत आहे. रोज घरून कारखान्यात, महिन्यातून दोनदा कोल्हापूर, आणि जीव रमायला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. कधीतरी आंबोली. शिनोळीला महाराष्ट्र लागतो, चोर्ल्याला गोवा. तीन राज्यांचे रस्ते आणि तीन तऱ्हेचे खड्डे.

डॅम्परपासून सुरुवात करतो, कारण तो आपल्याच धंद्यातला आहे. उद्यमबागेत मी तीस वर्षं हायड्रॉलिक्सचे व्हॉल्व्ह आणि सिलिंडर केले; तूही शाळा सुटल्यावर माझ्या बेंचवर बसून सिलिंडरचं भोक मोजायचं बोअर गेज धरायला शिकलीस. डॅम्पर म्हणजे तरी काय? तेल, पिस्टन आणि पिस्टनमधली भोकं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. चाक वर उडालं की स्प्रिंग नाचत राहील, तो नाच डॅम्पर तेलात घुसळून उष्णतेत घालवतो. साध्या डॅम्परमध्ये ही भोकं आणि त्यांवरच्या पातळ चकत्या कारखान्यात ठरतात आणि आयुष्यभर तशाच राहतात. म्हणजे तिकडे कुणा इंजिनिअरने गुळगुळीत रस्त्याचा आणि खराब रस्त्याचा मध्य काढला आणि तो तुझ्या गळ्यात घातला. त्या इंजिनिअरने चोर्ला घाट पाहिलेला नाही. बदलत्या डॅम्परमध्ये तेलाची वाट विजेवरचा व्हॉल्व्ह लहानमोठी करतो, तेही गाडी चालू असताना, क्षणाक्षणाला. हा आपला प्रपोर्शनल व्हॉल्व्हच, तुला नव्याने समजावून सांगायला नको.

आता लोक काय करतात बघ. डॅम्पर मऊ-कडक करायचं बटण दिसलं की ते स्पोर्टवर, म्हणजे कडकवर टाकतात. गाडी कडक झाली, ठणठण उडायला लागली, की म्हणतात, 'वा, काय हँडलिंग आहे!' माझं मत नेमकं उलटं आहे. आपल्या रस्त्यावर त्या बटणाची किंमत त्याच्या मऊ बाजूत आहे. टायर रस्त्याला चिकटलेला असेल तरच गाडी वळते आणि थांबते. खड्ड्याच्या कडेवरून कडक गाडीचं चाक उडतं, आणि हवेत असलेला टायर ना वळवतो ना थांबवतो. मऊ डॅम्पर चाकाला खड्ड्यात उतरू देतो आणि परत वर येऊ देतो. पैसे द्यायचेच तर त्यासाठी दे.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९८ साली माझ्याकडे सेकंडहँड एस्टीम होती. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ग्राइंडरने, चारही स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी कापली. हायड्रॉलिक्सवाला माणूस आणि अक्कल ही! कँपातल्या रस्त्यावर गाडी झकास चालायची. मग एका रविवारी तुझ्या काकूला घेऊन जांबोटीच्या पुढे गेलो. डावं वळण, आणि वळणातच रस्ता खचलेला. बाहेरच्या बाजूची स्प्रिंग पूर्ण दबली आणि गाडी रबराच्या बंप स्टॉपवर आदळली. त्या क्षणी सस्पेन्शन असं काही उरत नाही, चाक जणू थेट चासीला वेल्डिंग केलेलं असतं. सगळा भार एकदम त्या टायरवर आला, टायर सुटला आणि आम्ही सरळ जांभ्याच्या कडेला जाऊन टेकलो. मागून आलेल्या सुमोवाल्याने विचारलं, 'काय झालंय वो?' मी म्हटलं, काही नाही, लघवीला थांबलो. तुझी काकू घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र बोलली.

म्हणून बंगळूरवाल्याच्या यादीतलं पीएएसएम मला मोलाचं वाटतं. त्याने गाडी १० मिलिमीटर खाली येते, तेवढं गतिरोधकावर तिरकी काढून निभावेल. गावातले गतिरोधक कुठल्याच मापात नसतात, हे वेगळं सांगायला नको.

डिफरन्शियलचं मात्र वेगळं आहे. वळणात आतलं चाक कमी अंतर जातं, बाहेरचं जास्त. दोघांना वेगळं फिरू द्यायची ही युक्ती जुनी, १८२७ मध्ये पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी काढलेली. खोट एवढीच की साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखीच ताकद देतं. वळणात आतलं चाक हलकं होऊन फिरकी मारायला लागलं की बाहेरच्यालाही तेवढीच कमी मिळते. पीटीव्ही तिथे दोघांना काही अंशी जखडतं, शिवाय वळणात शिरताना आतल्या मागच्या चाकाला हलका ब्रेक लावून गाडीचं नाक आत ओढतं. यंत्र म्हणून देखणं काम आहे.

पण ते तुझ्या कामी कधी येणार? इथे थोडं गणित कर. घाटातलं एक वळण २० मीटर त्रिज्येचं धर. त्यावर ताशी ३० ने गेलीस तर आडवा जोर भरतो साधारण ०.३५ जी (१ जी म्हणजे गाडीच्या वजनाएवढा जोर). ताशी ५० ने गेलीस तर जवळजवळ १ जी, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची हद्द त्याच आसपास असते. नुसते २० किलोमीटर वाढवले आणि आडवा जोर जवळपास तिप्पट झाला, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. दरीच्या कडेला, समोरून खडीचा डंपर येणार हे माहीत असताना तू ५० ने जाणार नाहीस. गेलीस तर गाडीची किल्ली मीच काढून घेईन. मग जे डिफरन्शियल हद्दीच्या जवळ पोचल्यावर जागं होतं, ते चोर्ल्यात झोपूनच राहणार. पावसात, चढावरच्या वळणातून बाहेर पडताना एक चाक लाल चिखलात असेल तेव्हा ते थोडं उपयोगी पडेल, हे कबूल. पण फिरकी मारणाऱ्या चाकाला ब्रेक लावण्याचं काम स्टॅबिलिटी कंट्रोलही करतो, आणि तो दोन्ही गाड्यांत आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोजून बघ. हल्लीच्या फोनमध्ये जी मोजणारा सेन्सर असतो. फोन डॅशबोर्डला घट्ट बसव, आत्ताच्या गाडीने कणकुंबीपर्यंत तुझ्या नेहमीच्या हाताने जाऊन ये आणि आकडा मला पाठव. ०.५ च्या वर गेली असशील तर गाडीची नाही, तुझ्या चालवण्याची चर्चा करू.

स्पोर्ट क्रोनो: स्टिअरिंगवरची मोड बदलायची गोल चकती, डॅशवरचं घड्याळ, गिअरबॉक्सचे कडक-मऊ होणारे माउंट, आणि शून्य ते शंभर ४.९ ऐवजी ४.७ सेकंदांत. आरपीडीच्या सिग्नलला हे ०.२ सेकंद कुणाला दाखवणार आहेस? फुकट येत असेल तर येऊ दे.

२० इंची रिमवर मात्र माझा राग आहे. पुढचा टायर १८ इंचीला २३५/४५ आणि २० इंचीला २३५/३५ असतो; पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते. म्हणजे टायरची भिंत एकीकडे १०६ मिलिमीटर, दुसरीकडे ८२. मधले २४ मिलिमीटर हवा आणि रबर होते, जे खड्डा स्वतःच्या अंगावर झेलत होते. ते काढून तिथे ॲल्युमिनियम घातलं, तर खड्डा आता रिमला भेटणार. आपल्याकडे डांबराच्या कडा कशा सुरीसारख्या तुटलेल्या असतात ते तू पाहतेसच. मऊ डॅम्परचे पैसे द्यायचे आणि वर पापडासारखा टायर लावायचा, हे म्हणजे पुरणपोळी करून तूप नको म्हणणं. गाडी घेतलीस तर १८ इंची संच शोध आणि २० इंची विकून टाक. दिसायला थोडी साधी दिसेल. दिसू दे.

टायरचं निघालंच आहे तर, दोन्ही गाड्यांच्या टायरवर चार आकडी तारीख बघ. ३२१९ असेल तर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. या गाड्या वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा फिरत नाहीत. नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. पुढचे आणि मागचे वेगळ्या कंपनीचे नकोत. पोर्शेने पसंत केलेल्या टायरवर 'एन'ची खूण असते, ती शोध. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग जेमतेम तळहाताएवढा, आणि तसे चारच तळहात. सगळे ऑप्शन शेवटी त्या चार तळहातांमधूनच काम करतात. नवे टायर आणि चाकांचं नीट केलेलं अलाइनमेंट हा माझ्या लेखी पहिला हँडलिंग ऑप्शन, आणि तो पुण्याच्या साध्या गाडीलाही लावता येतो.

हाच खरा फरक धर. टायर, ब्रेक पॅड, अलाइनमेंट हे पुढे कधीही होतं. बदलते डॅम्पर आणि त्यांची वायरिंग, कंट्रोल युनिट हे कारखान्यातून आलं तर आलं. नंतर बसवायला गेलीस तर खर्च अवाच्या सवा, शिवाय मूळ रचनेत बदल केला म्हणून आरटीओ आणि विमेवाल्यांना उत्तरं देत बस. त्यामुळे पुण्याची गाडी घेतलीस तर ती कायम साधीच राहील असं समजून घे.

आता कागदाचा भाग, तोही या सीमेवर राहणाऱ्या माणसाने विसरू नये असा. पुण्याची गाडी एमएच पाटीची. इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवलीस तर केए-२२, म्हणजे बेळगावची पाटी करून घ्यावी लागेल. कर्नाटकात २० लाखांवरच्या नव्या गाडीला आजीवन कर १८ टक्के आणि वर सेस; जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी रक्कम डोळ्यांत भरेल एवढी राहते. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायचा तर एनओसी घेऊन खेटे घाल. बंगळूरच्या गाडीचा कर इथलाच, भरून झालेला. हे सहा लाखांतून वजा करून बघ, मग दोन गाड्यांत किती अंतर उरतं ते सांग. नातेवाइकाच्या पत्त्यावर कोल्हापूरची पाटी ठेवायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. देऊ नकोस कान.

एक भीती मलाही आहे. जुने बदलते डॅम्पर गळायला लागले की साध्याच्या कितीतरी पट महाग पडतात, आणि बेळगावात ते काम करणारं कुणी नाही. म्हणून बंगळूरची गाडी लिफ्टवर घ्यायला लाव. चारही डॅम्परच्या दांड्याखाली बोट फिरव. धुळीचा ओला थर लागला तर सील गेलंय. नुकतेच कुणी स्वच्छ पुसून ठेवले असतील तर जास्त संशय घे. मग बटण मऊवरून कडकवर टाकून एकाच खडबडीत पट्ट्यावरून दोनदा जा. फरक जाणवलाच पाहिजे. नाही जाणवला तर सहा लाख सोड, ती गाडीच सोड.

सगळं ठीक निघालं तर बंगळूरची घे, पण सहा देऊ नकोस. त्याला सांग, तुझ्या चकतीचे आणि रिमचे मी काही देणार नाही, डॅम्परचे देते. तीनवर येईल. वाचलेल्यातून चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर दोन दिवस शिकायला जा. ही गाडी मधल्या इंजिनाची आहे. वजन मध्याजवळ असल्याने वळते झटकन आणि सुटली तरी तितक्याच झटकन फिरते. वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग कसा हलका होतो, ते एकदा मोकळ्या जागेत अंगाला कळू दे. पीटीव्ही कशासाठी आहे तेही तिथेच कळेल.

आणि गाडी आली की आधी मला दाखव, मग देवळात ने. पहिली चक्कर जांबोटीपर्यंत, सकाळी सहाला, बटण मऊवर. तुझ्या काकूने आत्तापासून तयारी चालवलीय, कुंद्याचा डबाही भरणार आहे म्हणे. गाडीत दोनच सीट असतात हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझा
काका