पॅडच्या जाहिरातीत निळं पाणीच का दाखवतात? 'बारा तास' आणि 'कॉटन' खरं असतं का? सातवीतल्या मुलीसाठी कोणतं घ्यावं?

निळ्या रंगावर सगळेच हसतात. माझा राग रंगावर नाही, पाण्यावर आहे. पाणी कशातही झटकन मुरतं. पाळीचं रक्त चिकट, त्यात गाठी, ते आधी वर पसरतं आणि मग सावकाश आत जातं. शिवाय पॅडच्या आतली, द्रव शोषून धरणारी जेल साध्या पाण्यात फुगते तेवढी खारट द्रवात फुगत नाही, आणि रक्त खारट असतं. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडनं आणि २०२० मध्ये आपल्याकडे रिओ या ब्रँडनं राधिका आपटेला घेऊन जाहिरातीत लाल रंग दाखवला. लाज मोडली, चांगलंच झालं. पण रंग बदलून पॅड किती शोषतं ते कळत नाही.

पॅडसाठीच्या आपल्या आयएस ५४०५ या भारतीय मानकाच्या १९८० च्या आवृत्तीत ३० मिली द्रव ओतून बघायला सांगितलं होतं. द्रव म्हणून रंगीत पाणी चालायचं, मेंढी-बकरीचं रक्तही चालायचं. कंपनी काय निवडणार, तुम्हीच सांगा.

आमचं नागपूरच्या महालात मेडिकल आहे, मी आणि भासरे (म्हणजे माझे मोठे दीर) बसतो. एका मे महिन्यात एका कंपनीचा सेल्समन नवीन पॅड घेऊन आला. काउंटरवर पॅड उघडलं, बाटलीतलं निळं पाणी ओतलं, वर टिश्यू दाबला. कोरडा! "बघा मॅडम, बारा तास. आणि वरचा थर एकदम कॉटन." मी दुसरं पॅड घेतलं, वरच्या थराचा तुकडा कात्रीनं कापला, चिमट्यात धरून काडी लावली. कापूस कागदासारखा जळतो, राख होते. हे आक्रसलं, वितळलं आणि टोकाला काळा टणक मणी झाला. प्लास्टिक! पाकीट उलटून पाहिलं तर 'कॉटनी सॉफ्ट' लिहिलेलं, 'कॉटन' कुठंच नाही. मग मुदत संपलेलं लाल खोकल्याचं सिरप आणून ओतलं. ते वरच तळं करून बसलं. टिश्यू दाबला तर लालभडक. (सिरप रक्तापेक्षा घट्ट असतं, मान्य. तरी पाण्यापेक्षा ते खऱ्याच्या जवळचं.) पोरगा बिचारा म्हणाला, "मॅडम, ट्रेनिंगमध्ये आम्हाला असंच सांगतात." दुकानात चार गिऱ्हाइकं, त्यात दोन माणसं. भासऱ्यांनी घाईघाईनं त्या पॅडवर पेपर टाकला आणि मला म्हणाले, "काय तमाशा करून राहिली बाप्पा!"

त्या कंपनीनं दुकानात माल मांडून ठेवायचे, डिस्प्लेचे पैसे बंद केले. भासरे अजून ऐकवतात.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर बिनवासाचं साधं पॅड घ्या आणि चार ते सहा तासांनी बदलायला शिकवा. अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे बारा तासांत पॅड बहुधा भरणारही नाही. पण कातडी सडते त्याचं काय? नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. जनऔषधीत एक रुपयाला मिळतं तेही वापरून बघा, आमचं गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल. फक्त त्यावरच्या 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल'वर जाऊ नका. त्या प्लास्टिकचे बारीक तुकडे होतात, माती नाही. शेवटी सगळं भांडेवाडीच्या कचरा डेपोलाच जातं.

आणि हो, जेल वाईट असं माझं म्हणणं नाही, तिच्यामुळेच पोरी निर्धास्त शाळेत बसतात. 'ऑरगॅनिक'वालेही काही साधू नाहीत. २०२२ मध्ये टॉक्सिक्स लिंक या पर्यावरण संस्थेनं पॅड तपासले, तेव्हा ऑरगॅनिक म्हणवणाऱ्यांतही थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, सापडली.

जाहिरात खोटी वाटली तर पाकिटाचा आणि जाहिरातीचा फोटो ठेवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. पण मला विचाराल तर खोटेपणा आमच्या काउंटरवरच सुरू होतो. म्हाताऱ्यांचे डायपर, तीच जेल, तेच प्लास्टिक, आम्ही उघडे देतो. मग पॅडलाच काऊन कालचा पेपर आणि काळी पिशवी? भासरे म्हणतात, गिऱ्हाइकालाच लाज वाटते. गिऱ्हाइकानं मागितला तर मीही पेपर देते. न मागता कोणी गुंडाळून दिलं तर पेपर काढून काउंटरवर ठेवा. आमच्याकडे याल तर भासरे बसले असतील तेव्हाच या.