मेहुण्यांच्या नावावर क्लातेनचं भातशेत? माझ्या मते नको

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हिशेबासाठी, दुसऱ्यांदा तुमच्या इंडोनेशियातल्या सासुरवाडीच्या वर्णनासाठी. बांधावरून दिसणारा मेरापी ज्वालामुखी, घरामागचा झरा, पहाटेची अजान आणि तुमच्या सासूबाईंनी केलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. इतकं मन लावून लिहिणारा माणूस निर्णय घेऊनच सल्ला विचारतो, असा माझा अनुभव आहे. तरी सांगते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. तुम्ही मूळ इचलकरंजीचे, वय 52. गेली 16 वर्षं पश्चिम जावातल्या पुरवाकार्ता इथे कापड गिरणीत नोकरी करता. पत्नी मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यातली, पोलानहार्जो तालुक्याची. मुलगी 12 वर्षांची, पासपोर्ट इंडोनेशियाचा. चार वर्षांनी नोकरी सोडून सासरच्या गावी राहायचा बेत आहे. त्यासाठी मेहुण्यांनी दोन सौदे सुचवलेत: 2,000 चौरस मीटर भातशेत, म्हणजे सावाह, 70 कोटी रुपियांना, आणि गावठाणातली जुन्या घरासह 300 चौरस मीटर जागा 35 कोटींना. आपल्या एका रुपयाला 190 रुपिया धरले तर शेत सुमारे 37 लाखांचं आणि घर साडेअठरा लाखांचं. पैसे कुठून? इचलकरंजीचा फ्लॅट विकून 45 लाख, उरलेले एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, ठेवींतल्या 28 लाखांतून. आणि तुम्ही परदेशी असल्यामुळे कागद मेहुण्यांच्या नावावर.

या शेवटच्या वाक्याशी मी अडले. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, हाक मिलिक, फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. याच कायद्याचं 26 वं कलम म्हणतं, की परदेशी माणसाकडे थेट किंवा आडमार्गाने मालकी पोचवणारा व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मेहुण्यांशी तुम्ही बाजूला कितीही करारपत्रं केलीत, तरी भांडण झालं की तीच कागदं तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतील. शिवाय भांडण मेहुण्यांशीच होईल असं नाही. ते सज्जनच असतील, पण त्यांच्यामागे त्यांची मुलं आहेत, त्यांची कर्जं आहेत.

मग पत्नीच्या नावावर का नाही? कारण तुम्ही लग्नाआधी मालमत्तेचा करार केला नाही. 1974 च्या विवाह कायद्याने लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक होते. तिच्या जमिनीत तुमचा, म्हणजे परदेशी माणसाचा, अर्धा हिस्सा आला की तिची हाक मिलिक अडचणीत येते. तुम्ही लिहिलंय, “आता 14 वर्षांनी त्याचं काय करणार?” करता येतं. 2016 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने असा करार लग्न चालू असतानाही करायला परवानगी दिली. नोटरीकडे करायचा आणि जिथे लग्न नोंदलं त्याच कार्यालयात त्याची नोंद करून घ्यायची. सौद्याच्या आधी, नंतर नाही.

पण या कराराचा अर्थ नीट समजून घ्या. त्यानंतर घेतलेली जमीन पत्नीची, आणि फक्त पत्नीची. पैसे तुमचे असले तरी. उद्या दुर्दैवाने ती आधी गेली आणि वारसाहक्काने जमिनीत तुमचा वाटा निघाला, तर एका वर्षाच्या आत तो नागरिकाला द्यावा लागतो. मुलगी इंडोनेशियाचीच नागरिक राहिली तर तिचा प्रश्न नाही. मोठेपणी दुसरं नागरिकत्व घेतलं तर तिलाही हीच एका वर्षाची अट. म्हणून मी हिशेब असा मांडते: क्लातेनमध्ये घालाल तो प्रत्येक पैसा तुमच्या स्वतःच्या ताळेबंदात शून्य लिहायचा. बायकोला दिलेली भेट. ती किती मोठी असावी, हे तुमच्या म्हातारपणाची सोय झाल्यावर ठरवायचं.

परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर वापराचा हक्क, हाक पाकाई, घेता येतो हे खरं. पण त्यासाठी घराला किमान किमतीची अट असते. बालीत ती 500 कोटी रुपिया आहे. गावठाणातल्या जुन्या घराशी त्या वाटेचा संबंध नाही.

आता शेत. इथे मी सरळ नाही म्हणते, आणि एका कारणासाठी नाही.

पहिलं, कागद. तुम्ही पाठवलेला फोटो मालकीच्या सर्टिफिकेटचा नाही, तो ‘लेटर सी’चा उतारा आहे, गावाच्या जुन्या कर-वहीतला. त्यावर नाव आहे ते वारलेल्या आजोबांचं. आपण सातबाऱ्यालाच मालकी समजतो तशी तिकडे गिरिक, म्हणजे जुनी करपावती, आणि लेटर सीला मालकी समजायची सवय आहे. 2021 च्या नियमाने असे कागद नोंदवून घ्यायला 5 वर्षं दिली होती. ती मुदत फेब्रुवारी 2026 ची. त्यानंतर हा कागद पुरावा नाही, नुसती खूण. आजोबांचे वारस किती, कोण सुमात्राला गेलंय, कोणाची सही राहिलीय, हे मेहुण्यांनी कळवलेलं नाही. (आमच्या चिपळूणकडच्या उताऱ्यावर अजून पणजोबांच्या भावाचं नाव आहे, त्यामुळे या विषयावर मी जरा कडवट आहे.)

दुसरं, राहता पत्ता. महाराष्ट्रात शेतजमीन घेताना तुम्ही शेतकरी आहात का, हे विचारतात. तिकडे तुम्ही कुठे राहता, हे विचारतात. 1961 च्या जमीन सुधारणा नियमांनुसार शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात, केचामातानमध्ये, किंवा जवळ लागून असलेल्या तालुक्यात राहायला हवा. पत्नीचं ओळखपत्र पुरवाकार्ताचं आहे. “ते आपण बदलून घेऊ” असं मेहुणे म्हणतात. राहायला जाल तेव्हा बदला. आधी नको.

तिसरं, उत्पन्न. पाण्याचं शेत आहे, वर्षात तीन पिकं धरू. हेक्टरी साडेपाच टन ओलं भात, म्हणजे तुमच्या तुकड्यात एका पिकाला सुमारे 1,100 किलो. 2025 पासून सरकारी खरेदीचा दर किलोला 6,500 रुपिया आहे. वर्षाचे झाले सव्वादोन कोटींच्या आत. कसणार दुसरा कोणी, ‘मारो’ने, म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीने. तुमच्या वाट्याला जेमतेम 1 कोटी 7 लाख रुपिया, आपले 56 हजार. 37 लाखांवर दीड टक्का, तोही खतात तुमचा वाटा न धरता, उंदीर न धरता आणि पीक बुडालेलं वर्ष न धरता. तुमचा फ्लॅट आज महिना साडेनऊ हजार भाडं देतो, म्हणजे अडीच टक्के. तोही काही मोठा पराक्रम नाही, पण तो तुमच्या नावावर आहे आणि त्याच पैशातून आईंची औषधं येतात, असं तुम्हीच लिहिलंय.

“टोल रस्ता आलाय, भाव वाढणार” हा मुद्दा राहिला. सोलो–योग्यकार्ता रस्त्याचा क्लातेनपर्यंतचा भाग 2024 मध्ये सुरू झाला. म्हणजे बातमी जुनी झाली. समृद्धीच्या काठावर शेवटी पोचलेल्या गुंतवणूकदारांना विचारा. शिवाय भाव वाढतो तो घर बांधता येईल अशा जमिनीचा. 2009 च्या कायद्याखाली भातशेतीसाठी राखलेलं क्षेत्र असेल तर तिथे वीट लावता येत नाही. आणि चलन? 1997 च्या मध्यात डॉलरला 2,400 च्या आसपास असलेला रुपिया पुढच्याच वर्षी 15,000 च्या पलीकडे गेला. तसं पुन्हा होईल असं नाही, पण सगळी पुंजी एकाच चलनात, एकाच तालुक्यात आणि दुसऱ्याच्या नावावर, ही तीन ओझी एका खांद्यावर नकोत.

घराच्या जागेबद्दल माझं मत वेगळं आहे. तिला सर्टिफिकेट आहे, सरकारी मोहिमेत मिळालेलं. भूमी कार्यालयात ते तपासून घ्या. हे काम पेपेआते, म्हणजे जमिनीचे दस्त करणारा अधिकृत अधिकारी, करून देतो. गावकीची किंवा बेंगकोक जमीन, म्हणजे पगाराऐवजी गावकारभाऱ्यांना कसायला दिलेली, त्यात शिरलेली नाही ना, हेही बघा. आपल्या वतन-गायरानासारखंच ते प्रकरण असतं. खरेदीदाराचा कर 5 टक्के, पण किमान 8 कोटी वगळून, म्हणजे 1 कोटी 35 लाखांच्या आत. दस्ताची फी जास्तीत जास्त एक टक्का. एकूण वीस लाखांच्या आत घर पत्नीचं होतं, एनआरई ठेवीतून, फ्लॅटला हात न लावता. फ्लॅट विकलात तर अनिवासी विक्रेता म्हणून खरेदीदार पूर्ण किमतीवर कर कापेल. आधी कमी कपातीचा दाखला काढावा लागेल. त्या फंदात आत्ता पडू नका. हो, एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी तिथले कर-रहिवासी म्हणून ते तिकडच्या विवरणात दाखवावं लागतं; दाखवता ना?

पुढची चार वर्षं पगारातून जे उरेल त्यातला काही भाग पत्नीच्या नावाने सरकारी किरकोळ रोख्यांत जाऊ द्या. ते फक्त नागरिकांनाच मिळतात, अलीकडे साधारण सव्वापाच ते साडेसहा टक्के देत आलेत आणि व्याजावर 10 टक्केच कर आहे. भातापेक्षा कितीतरी बरं, आणि उंदीर खात नाहीत.

खर्चाच्या अंदाजात एक ओळ तुम्ही विसरलात: आहेर. जावातल्या गावात लग्न, बारसं, सुंता, मयत, प्रत्येकाला पाकीट जातं, आणि लग्नसराईच्या महिन्यात एका आठवड्यात चार-पाच. शिवाय आरिसान म्हणजे भिशी, रात्रीची गस्त, रविवारची गावसफाई. सुट्टीत येणाऱ्या जावयाला हे दिसत नाही. कायम राहणाऱ्याला टाळता येत नाही. महिन्याच्या अंदाजात यासाठी वेगळी रक्कम धरा. आणि नोकरी सुटली की कंपनीचं आरोग्य कवच जाईल, त्याची तजवीज 55 च्या आत करा.

मेहुण्यांना नाही कसं म्हणायचं, हा तुमचा खरा प्रश्न असावा. तिकडे या संकोचाला ‘एवुह पाकेवुह’ म्हणतात. आपल्याकडे भीड भिकेची बहीण. दोष माझ्यावर ढकला: भारतातली हिशेबवाली बाई अडून बसली म्हणा. आणि शेताची हौस असेलच तर पुढच्या हंगामासाठी त्यांच्याच ओळखीतला एक तुकडा वर्षाच्या खंडाने घ्या. रजा टाकून लावणीला जा. पावती मात्र लेखी घ्या, पत्नीच्या नावाने.