कॅच सुटला आणि शब्बाथ शाळाही

एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) मी ९ ते १४ वर्षांच्या अठरा मुलांची शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, घेते. मुलांना क्रिकेट-कबड्डीचं वेड, म्हणून खेळातले दाखले द्यायला लागले. मुलं रमली. शाळेच्या सेमीफायनलआधीच्या रविवारी दावीद आणि गल्याथाचा धडा होता, मेंढपाळ पोरानं गोफणीनं धिप्पाड योद्ध्याला पाडलं तो. मी म्हटलं, 'देव आपल्या बाजूनं असला की समोर कोणी का असेना, आपण हरत नाही.' आमचा तेरा वर्षांचा एक मुलगा त्या संघात होता. शेवटच्या ओव्हरला त्याच्या हातून कॅच सुटला आणि मॅच गेली. तीन रविवार झाले, तो आलेला नाही. आईला म्हणाला, 'मी देवाला आवडत नाही.' पाळकसाहेब म्हणतात, खेळ बंद करा, पुस्तकातला धडा घ्या. त्यात आता मुलांच्या मॅचेस रविवारी सकाळी असतात, तो प्रश्न वेगळाच. काय करू?"

प्रिय ताई, जय ख्रिस्त.

आधी मुलगा, मग धडा, मग पाळकसाहेब. रविवारचं शेवटी बघू.

त्याच्या घरी आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी जा. रविवारी नको. रविवारी गेलात तर "हजेरी घ्यायला आल्या" असंच त्याला वाटेल. सोबत एक टेनिस बॉल न्या. बसल्या बसल्या कॅचबद्दलच विचारा: बॉल कुठून आला, उंच होता की सपाट, ऊन डोळ्यांवर होतं का? तेरा वर्षांच्या मुलाला "मन मोकळं कर" म्हटलं की तो गप्प होतो, पण बॉल कसा आला हे तो दहा मिनिटं सांगेल. बहुतेक वेळा कॅच दोन कारणांनी सुटतो. बॉल हातात येण्याआधीच नजर स्टंपकडे किंवा बॅट्समनकडे वळते, नाहीतर हात ताठ राहतात आणि बॉल तळव्यावर आपटून उडतो. बॉल येताना हात छातीकडे थोडे मागे घ्यायचे असतात, म्हणजे त्याचा वेग हातात जिरतो. हे त्याला बहुधा ठाऊक असेल. त्यालाच तुम्हाला शिकवू द्या. अंगणात वीस कॅच होऊ द्यात. तुमच्या हातून सुटतीलच.

मग सरळ सांगा: "त्या रविवारी मी चूक शिकवलं." कारणं देऊ नका. मोठ्या माणसानं मुलाजवळ चूक कबूल करणं आपल्याकडे अजून अवघड जातं, आणि त्याला नेमकं तेच ऐकायचं आहे. "देवाची इच्छा नव्हती" म्हणू नका, तो लगेच विचारेल की मग देवालाच मला हरवायचं होतं का. "पुढच्या वेळी जिंकशील" हे तर मुळीच नको, त्यानं पुढच्या मॅचचं ओझं आत्ताच त्याच्या डोक्यावर चढतं. पलीकडच्या संघातही कोणीतरी प्रार्थना केली असेल, एवढा एक विचार त्याच्याजवळ ठेवून या.

निघताना प्रार्थना करायची असेल तर छोटी करा, आणि तो "नको" म्हणाला तर नको. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य पेत्र प्रभू येशूला नाकारतो तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला दिसतो, त्यावर मासळी आणि सोबत भाकर. प्रभू आधी म्हणतो, "या, न्याहारी करा." प्रश्न विचारतो ते न्याहारीनंतर, तीनदा, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी देतो. कॅच का सोडलास हा सवाल त्यात कुठेच नाही. तुम्हीही आधी चहा प्या, मग त्याला एखादं काम द्या. काय काम ते पुढे येईलच.

आता धड्याचं. खेळाचा दाखला वापरण्यात तुमची चूक झाली नाही. तुम्ही तो निकालाला बांधलात, तिथे घोटाळा झाला. निकाल दर मॅचला बदलतो. त्याला विश्वास बांधला की मॅच हरल्याबरोबर विश्वासही हरतो. दाखला खेळाच्या नियमाला किंवा सरावाला बांधायचा असतो, कारण नियम हरणाऱ्यालाही तोच असतो. दावीदाच्या गोष्टीतही सराव आहेच, आपणच तो गाळतो. शौल राजानं त्याला आपलं चिलखत घातलं, तर "याची मला सवय नाही" म्हणून त्यानं ते उतरवलं. ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे घेतले, कारण गोफण त्याच्या हातची होती आणि सिंह-अस्वलांशी गाठ आधीच पडली होती. हाच दावीद पुढे कित्येक वर्षं शौलापासून जीव वाचवत गुहांतून लपत फिरला. देव त्याच्या बाजूनं तेव्हाही होता. गल्याथ पडला तिथेच गोष्ट थांबवली की मुलांच्या हाती अर्धाच दावीद येतो.

प्रत्येक दाखला कुठेतरी तुटतो. तो कुठे तुटतो हे आपण आधी शोधून मुलांना सांगितलं नाही, तर मुलं ते स्वतः शोधतात, आणि तेव्हा आपण शेजारी नसतो. तुमच्या बाबतीत हेच झालं.

एक धडा पूर्ण मांडून दाखवते. कबड्डी घ्या. आवारात फक्कीनं ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद मैदान आखा, मधोमध मध्यरेषा. माती आधी पाणी मारून दाबून घ्या, खडे वेचा. सात-सात मुलं आत. उरलेल्या चौघांपैकी दोघं गुण लिहितील, एकजण मध्यरेषेवर उभा राहील आणि एकजण फक्त चढाई करणाऱ्याचा दम ऐकेल. वयात पाच वर्षांचं अंतर आणि मुलं-मुली एकत्र, म्हणून पकड नको, नुसती शिवाशिवी ठेवा. दम तुटला की बाद. बारा मिनिटांपेक्षा जास्त खेळू देऊ नका. वीस मिनिटं झाली की घामाघूम मुलं पाणी मागतात आणि पवित्र शास्त्र कोणी उघडत नाही. ज्याच्यासाठी तुम्ही घरी गेलात त्याला पहिल्या दिवशी दम ऐकायला उभं करा. महत्त्वाचं काम आहे, सगळे त्याच्याकडे बघतात, आणि काही सुटण्याची भीती नाही.

खेळात एक क्षण येतो. कोणीतरी बाद होऊन बाहेर बसलेला असतो. त्याच्या संघातला दुसरा चढाईला जातो, एकाला शिवतो, मध्यरेषेवर परत येतो. बाहेरचा उठतो आणि जिवंत होऊन आत येतो. तिथेच शिट्टी वाजवा. तिथेच, दोन चढाया झाल्यावर नाही. आत आलेल्याला विचारा, "जिवंत व्हायला तू काय केलंस?" तो गोंधळेल, मग म्हणेल, "काहीच नाही, मी बसलो होतो." बस. आता सगळ्यांना खाली बसवून इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवं-नववं वचन वाचा: तारण कृपेनं, हे तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे. "कृपा" या शब्दावर अर्धा तास बोलून जे पोचत नाही, ते त्या "मी बसलो होतो"मध्ये आलेलं असतं. मराठी मुलांना कबड्डीतलं मरणं आणि जिवंत होणं समजावून सांगावं लागत नाही. हे शब्द त्यांच्याकडे आधीच आहेत.

लगेच दाखला मोडून दाखवा. विचारा, "चढाई करणारा परत आला की नाही?" आला, दम राखून आला. येशूच्या बाबतीत काय झालं? तो आपल्यासाठी आत गेला आणि तिथेच त्याचा दम तुटला. कबड्डीच्या नियमानं त्यावर गुण दुसऱ्या संघाचा, आपला बाहेरचा बाहेरच. इथे नियम उलटला: त्याचा दम तुटला आणि आपण जिवंत झालो. दुसरी गोष्ट, कबड्डीत आपला गडी जिवंत व्हायला समोरचा कोणीतरी बाद व्हावा लागतो. सुवार्तेत समोरच्यांसाठीही तोच मेला. हे सांगितलं नाहीत तर शेजारच्या वस्तीतली मुलं "समोरचा संघ" होऊन बसतील, आणि तो धडा तुम्हाला नक्कीच नको असेल.

एखादा हुशार मुलगा म्हणेल, "टीचर, बोनसचा गुण मिळाला तर कोणी जिवंत होत नाही." खरं आहे. हसा, शाबासकी द्या आणि पुढे चला. बोनस रेषेतूनही सिद्धांत काढायला गेलात तर दाखल्याची कोशिंबीर होते. एका दिवशी एक नियम, एक वचन.

दुसरा एखादा धडा हवा असेल तर प्रेषित पौलाकडे जा, खेळाचे दाखले मुळात त्याचेच. करिंथकरांस पहिलं पत्र, नववा अध्याय, चोविसावं वचन आणि पुढे. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळच इस्थमियाचे खेळ दर दोन वर्षांनी भरत, त्यामुळे शर्यत आणि मुष्टियुद्ध तिथल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातलं. विजेत्याला मुकुट मिळे तो पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या पाल्याचा. सेलरी ही आपल्या कोथिंबिरीच्याच कुळातली. म्हणून एक जुडी कोथिंबीर आणा, दोऱ्यानं वळून मुकुट करा, अंगणातल्या शर्यतीत पहिल्या आलेल्याच्या डोक्यावर ठेवा आणि वर्ग संपेपर्यंत काढू देऊ नका. एप्रिलच्या उन्हात पाऊण तासात काड्या माना टाकतात. मग नाशवंत मुकुटाचं वचन वाचा. पंचविसाव्या वचनात पौल संयमाबद्दल बोलतो. प्राचीन ऑलिंपिकसाठी ऑलिंपियाला येणाऱ्या खेळाडूंना तर दहा महिने नियमानं सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. कोमेजणाऱ्या पाल्यासाठी दहा महिने, हे मुलांना पटकन लागतं. इथला तुटण्याचा सांधा चोविसाव्या वचनातच आहे: सगळे धावतात, बक्षीस एकालाच. नुसतं तेवढं वाचलंत तर मागे राहणारी लहान मुलगी समजेल की स्वर्गात जागा एकच. पौलाचा भर धावण्याच्या रीतीवर आहे, नंबरावर नाही, हे तोंडानं सांगा.

वर्गात न खेळणारीही मुलं असतील, दम्याची, पायानं अधू, किंवा जिला खेळ आवडतच नाही अशी. म्हणून तीन आठवड्यांतून एकदा स्वयंपाकघरातला दाखला घ्या. लूकच्या सहाव्या अध्यायात माप दाबून, हालवून, शिगेस भरून पदरी घालण्याचं वचन आहे. एक मापटं आणि गव्हाचं पीठ आणा. चमच्यानं सैल भरा, "भरलं का?" विचारा. मग हातानं दाबा, मापटं जमिनीवर दोन-तीनदा हलकेच आपटा. पीठ खाली बसतं, वर जागा होते. पुन्हा भरा, पुन्हा दाबा, शेवटी शीग लावा, म्हणजे काठाच्या वर निमुळती रास. शीग म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना प्रथमच कळतं. ज्वारी नको, ती दाबली जात नाही, हलवून थोडी बसते एवढंच. आणि शीग ओतायला एखाद्या मुलीची ओढणी किंवा मुलाचा रुमाल पसरा, पदर आपोआप येतो.

पाळकसाहेबांचं म्हणणं धुडकावू नका. तुमच्या वर्गातून एक मूल "मी देवाला आवडत नाही" असं म्हणत गेलं, तेव्हा त्यांची काळजी रास्त आहे. पुढच्या चार रविवारचे धडे एका कागदावर लिहून त्यांना दाखवा. प्रत्येकापुढे चार गोष्टी: पुस्तकातला धडा कोणता, वचन कोणतं, खेळातला कोणता नियम, आणि दाखला कुठे तुटतो. चौथा रकाना पाहून त्यांचं मत बदलण्याची शक्यता जास्त. कबड्डीच्या दिवशी शिट्टी त्यांच्याच हातात द्या.

रविवारच्या मॅचेससाठी स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव तुम्हाला कोणी ना कोणी ऐकवेलच. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो धावला नाही. ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. हे सांगताना "रविवार पाळला म्हणून देवानं सोनं दिलं" असं म्हणालात की गाडी पुन्हा त्याच खड्ड्यात. वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं आणि तेवढे महिने त्यानं ४०० मीटरची तयारी केली. चौथा आला असता तरी त्याचा निर्णय तोच राहिला असता. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला, जपान्यांच्या वेईश्यन छावणीत अडकला आणि १९४५च्या फेब्रुवारीत तिथेच वारला. त्या छावणीत मुलांनी एका रविवारी पंचाविना हॉकी खेळली आणि मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून उभा राहिला. स्वतःसाठी त्यानं नियम कडक ठेवला होता, मुलांसाठी तो वाकवला. मुलांना गोष्ट सांगायची तर दोन्ही टोकं सांगा.

तुमच्या गावापुरतं: मॅच सकाळी आठला असेल तर त्या मुलांसाठी शब्बाथ शाळा शनिवारी संध्याकाळी पाचला घेता येते का, ते बघा. तीन-चार मुलं असली तरी चालेल. आईवडिलांना आधी विचारा, पाळकसाहेबांना त्याच्याही आधी. आणि मॅच असेल त्या रविवारी उपासना संपल्यावर कोणीतरी मैदानावर जाऊन उभं राहा, स्कोअर विचारायला.