निरीक्षणगृहात नव्याने रुजू होताय? आधी एवढं पक्कं करा

पहिल्याच महिन्यात सगळी नियमावली पाठ करायला जाऊ नका. निरीक्षणगृहात गुन्ह्याचा आरोप असलेली मुलं चौकशी संपेपर्यंत ठेवतात. अशा मुलाला बळाने धरून आवरायची वेळ येते ती तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल किंवा मोठी मोडतोड करत असेल तेव्हाच. तीही बोलून, बाजूला नेऊन जमलं नाही तर. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना नियमांत (बंदिस्त ठेवलेल्या मुलांच्या संरक्षणाचे नियम) हेच आहे: अधीक्षकांच्या आदेशाने, कमीत कमी वेळ. शस्त्र तर जवळही बाळगायचं नाही.

नवे काळजीवाहक हमखास चुकतात ते इथे:

- शिवी दिली म्हणून कानाखाली. याला आवरणं म्हणत नाहीत, ही शिक्षा झाली. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ८२: पहिल्यांदा दोषी ठरलात तर १०,००० रुपये दंड, नोकरीवर गदा, आणि पुढे मुलांसोबत थेट काम करायला बंदी.
- पालथं पाडून पाठीवर गुडघा. छाती दबते, श्वास अडतो. "दम कोंडतोय" म्हणाला की सोडा. नाटक आहे का, हे तपासत बसू नका.
- नोंद उद्यावर ढकलणं. त्याच पाळीत लिहा: किती वाजता, कुठे, कोणी, कसं धरलं, किती मिनिटं. "समज दिली" ही नोंद नव्हे! ओरखडा दिसत नसला तरी डॉक्टरांना दाखवाच.

धरण्याच्या पद्धती प्रशिक्षणातच शिका, व्हिडिओ बघून नको.