पहिली ऑलिंपिक ट्रायथलॉन: धावणं बिघडतं ते सायकलवर

१५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. बहुतेक नवखे पोहण्याची धास्ती घेतात, तीही चुकीच्या कारणासाठी. अंतर जमतं, पण खुल्या पाण्यात तळाची रेघ नसते, म्हणून माणूस तिरका जातो आणि दोनशे मीटर जादा पोहतो. दर सहा-आठ हातांनी डोळे वर काढून बोया (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) बघा. सुरुवातीला घोळक्याच्या कडेला राहा. दम कोंडला तर पाठीवर वळा, श्वास पूर्ण सोडा.

पोहून बाहेर आलात की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलला हात लावू नका; दंड होतो.

सायकलवर पाय ताजे वाटतात आणि तिथेच घात होतो. पहिले १० किलोमीटर मुद्दाम आवरून चालवा, जड गिअर टाळा, पेडलिंग मिनिटाला ८५-९० फेऱ्यांवर ठेवा. तासाला ३०-६० ग्रॅम कर्बोदकं इथेच पोटात जाऊ द्या, धावताना ती पचायला जड जातात. एनर्जी जेल (पाकिटातला घट्ट, गोड पाक) असेल तर साध्या पाण्यासोबत. गोड स्पोर्ट्स ड्रिंकसोबत घेतलं तर पोट ढवळू शकतं.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच १५ मिनिटं धावा. नवे बूट? स्पर्धेच्या दिवशी मुळीच नकोत.