‘स्क्रीनिंग’ला चाळणी म्हणावं का, आणि ‘योग्य’ म्हणजे कोणाच्या मते योग्य?

प्रश्न असा आलाय की ‘कल्चरली अप्रोप्रिएट डिमेन्शिया स्क्रीनिंग फॉर इनुइट कम्युनिटीज’ याचं मराठी ‘एस्किमो समुदायांसाठी सांस्कृतिकदृष्ट्या योग्य स्मृतिभ्रंश तपासणी’ असं केलंय, पण वाचताना जीआर वाचल्यासारखं वाटतंय, तर नेमकं कुठे बिघडलंय?

व्याकरण ठीक आहे. बिघडलंय ते ‘योग्य’मध्ये. पण आधी बाकीचे शब्द उरकून घेतो.

‘एस्किमो’ काढून टाका. आपल्या शाळेच्या पुस्तकात इग्लूच्या चित्राखाली तोच शब्द असायचा हे मान्य, पण कॅनडात आता तो अपमानकारक मानतात, आणि ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. इनुइट म्हणजे ‘माणसं’. एक असेल तर इनुक, दोघं असतील तर इनूक (हो, संस्कृतासारखं द्विवचन आहे त्यांच्याकडे), तीन झाले की इनुइट. म्हणजे ‘इनुइट लोक’ म्हणणं हे ‘माणसं लोक’ म्हटल्यासारखं होतं, पण आपण पावालाही पावरोटी म्हणतो, चालतंय. आणि इग्लू म्हणजे त्यांच्या भाषेत कुठलंही घर, बर्फाचंच पाहिजे असं नाही.

‘स्मृतिभ्रंश’ राहू द्या. शब्द गीतेतला आहे, दुसऱ्या अध्यायात, रागातून मोह, मोहातून स्मृतीचा घोळ आणि ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’, तिथे तो आजार नाहीये अर्थात. माझी एकच तक्रार, या शब्दाने आजार म्हणजे फक्त विसरणं असं वाटतं. प्रत्यक्षात रोजचा रस्ता चुकतो, चहा करताना आधी काय नंतर काय ते कळेनासं होतं, बोलताना शब्द सापडत नाही. आपले जुने लोक ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचे, म्हणजे त्यांनी बुद्धीवर बोट ठेवलं, स्मृतीवर नाही. इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत ‘इसुमा’ असा शब्द आहे, मन, विचार, समज, पोच सगळं त्यात येतं, लहान मुलाला तो नसतो, मोठं होता होता येतो असं मानतात. जीन ब्रिग्ज नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई १९६० च्या दशकात एका इनुइट कुटुंबात मुलीसारख्या राहिल्या, त्यांनी या शब्दावर भरपूर लिहिलंय. जपाननं तर २००४ मध्ये डिमेन्शियाचा सरकारी शब्दच बदलला कारण जुन्यात ‘मूर्ख’ असा वास होता. आपल्या शब्दाला तसला वास नाही, ‘म्हातारचळ’ला आहे, तो मात्र चुकूनही वापरू नका.

आता स्क्रीनिंग. ‘तपासणी’ चूक नाही पण मला इथे खटकतो, आणि त्याला कारण इतिहासाचं आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत ‘सी. डी. हाऊ’ नावाचं सरकारी जहाज उन्हाळ्यात पूर्व आर्क्टिकमधल्या वस्त्यांना यायचं, त्यावर एक्स-रे मशीन असायचं, छातीत टीबीचा डाग दिसला की माणसाला बऱ्याचदा किनाऱ्यावर परत उतरूच द्यायचे नाहीत, सामान घ्यायला नाही की पोरांचा निरोप घ्यायला नाही, थेट दक्षिणेतल्या सॅनिटोरियमला. काही जण वर्षांनी परत आले, काही कधीच नाही, आणि कुठे पुरलं हेही कित्येक घरांना कळलं नाही. मार्च २०१९ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो यांनी इकालुइटला (उत्तर कॅनडातल्या नुनाव्हुट या इनुइटबहुल प्रदेशाची राजधानी) जाऊन याबद्दल माफी मागितली. त्या जहाजाच्या वेळी जी पोरं होती ती आज सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणजे ज्यांची स्मृती तपासायची तीच. शिवाय डिमेन्शिया बळावला की नुनाव्हुटमधून ओटावाच्या केअर होमला पाठवलेले म्हातारे आहेतच, इकालुइटपासून अंतर दोनेक हजार किलोमीटर. अशा माणसाला ‘तुमची तपासणी करायचीय’ म्हटलं तर त्याला काय ऐकू जाईल? (पुण्यात १८९७ च्या प्लेगनंतर ‘तपासणीवाले आले’ या शब्दांना जो दर्प आला असेल तो आठवा.)

म्हणून मी ‘चाळणी’ म्हणेन. चाळणी परीक्षा हा शब्द आपल्याकडे रुळलेलाच आहे. आणि स्क्रीनिंग म्हणजे निदान नव्हे हे चाळणीत आपोआप येतं, चाळून वर राहिलं ते लगेच फेकत नाही आपण, हातात घेऊन बघतो, खडा आहे की जाड दाणा. दुसरं म्हणजे चाळणी म्हटलं की पुढचा प्रश्न स्वयंपाकघरातली कुठलीही बाई विचारेल: कशाची? रव्याची की मैद्याची? मैद्याच्या चाळणीत रवा घातला तर सगळाच वर राहणार, त्यात रव्याचा काय दोष.

तर ‘योग्य’चा घोळ इथे आहे. जगभर वापरतात त्या दोन चाळण्या, म्हणजे स्मृती आणि बुद्धी जोखायच्या छोट्या चाचण्या, १९७५ ची फोलस्टीन यांची एमएमएसई आणि २००५ साली छापून आलेली मॉन्ट्रियलची मोका (MoCA), दोन्ही तीस मार्कांच्या. मोकाच्या मूळ प्रतीत ओळखायला तीन प्राणी आहेत, सिंह, गेंडा आणि उंट. लक्षात ठेवायच्या शब्दांत मखमल आहे आणि डेझी नावाचं फूल आहे. जिथे झाडं उगवायची हद्दच संपते तिथल्या, सील आणि कॅरिबूची (तिकडचं रेनडिअर) शिकार करत वाढलेल्या आजोबांना गेंडा ओळखता आला नाही तर एक मार्क गेला. एमएमएसईत विचारतात आत्ता ऋतू कुठला. इनुइट परंपरेत ऋतू सहा, हिवाळा, वसंताच्या आधीचा, वसंत, उन्हाळा, शरदाच्या आधीचा, शरद, आणि ते ठरतात बर्फ कसा आहे त्यावर, कॅलेंडरवर नाही. उत्तर बरोबर असूनही कागदावर चूक.

मग त्याच एमएमएसईत शब्द उलटा स्पेल करा म्हणतात. इनुक्टिटुट बऱ्याच ठिकाणी ज्या लिपीत लिहितात तिच्यात आपल्यासारखी अक्षरं आहेत, नुनाव्हुट म्हणजे नु, ना, व्हु आणि वर बारीकसा ट. ती आली क्री या कॅनडातल्याच दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या लिपीवरून, जी जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानं १८४० च्या सुमारास बनवली, आणि तिच्यामागे देवनागरीचा थोडा हात असावा असं अभ्यासक मानतात, खरंच. आता स्वतःच ‘महाराष्ट्र’ उलटं स्पेल करून बघा, ‘ष्ट्र’पाशी आल्यावर काय करायचं ते मला कळवा.

सगळ्यात गंमत हो-नाहीची. इनुइट लोक न बोलता भुवया वर करून ‘हो’ म्हणतात आणि नाक मुरडून ‘नाही’. आपल्याकडे नाक मुरडणं म्हणजे नापसंती, तिथे नुसतं सरळ ‘नाही’. मान खाली घालून फॉर्म भरणाऱ्या दक्षिणेतल्या नर्सला यातलं काहीच दिसत नाही, ती लिहिते ‘प्रतिसाद नाही’. आणि मुळात हातात पेन धरून ‘हे काय आहे?’ असं विचारणं, म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते म्हाताऱ्या माणसाला विचारणं, हेच तिथे पोरकटपणाचं वाटतं, एकूणच सरळ प्रश्नांचा भडिमार करणं त्यांच्यात असभ्य धरतात.

आणखी एक. मूल जन्मलं की त्याला वारलेल्या माणसाचं नाव देतात आणि नावाबरोबर नातंही येतं. म्हणजे आजीचं नाव मिळालेल्या पाच वर्षांच्या पोरीला तिचा बापच ‘आई’ म्हणून हाक मारतो. आता एखादी म्हातारी नातवाकडे बोट दाखवून ‘हे माझे वडील’ म्हणाली तर शहरातला डॉक्टर काय लिहील? आपल्याकडेही सासऱ्याचं नाव नातवाला ठेवलं की सून ते घेत नाही म्हणून पोराला ‘नाना’ नाहीतर ‘बापू’ म्हणायचे, त्यामुळे निदान आपल्याला तरी हे विचित्र वाटायला नको.

माझ्या आत्याचं सांगतो. एका दवाखान्यात तिला विचारलं आज तारीख काय. ती म्हणाली संकष्टी, चंद्रोदय नऊ सतराला. तिथल्या पोरानं फॉर्मवर शून्य टाकला. घरी येऊन मी कालनिर्णय उघडलं, नऊ सतराच होतं.

म्हणून ‘योग्य’ नको. योग्य म्हटलं की वरून कोणीतरी शिक्का मारल्यासारखं वाटतं, आणि ‘सांस्कृतिकदृष्ट्या’ म्हटलं की गणपतीतले कार्यक्रम डोळ्यापुढे येतात. इथे म्हणायचंय ते एवढंच की प्रश्न त्यांच्या जगण्यातून यावेत. असं झालेलंही आहे. ऑस्ट्रेलियात किम्बर्ली भागातल्या आदिवासींसाठी २००६ मध्ये अशी चाचणी आली, त्यात रोजच्या वापरातला कंगवा, काडेपेटी दाखवून विचारतात. तिच्यावरून कॅनडात मॅनिटूलिन बेटावर अनिशिनाबे या तिथल्या मूळ रहिवाशांबरोबर बसून त्यांची वेगळी केली. पण अनिशिनाबे म्हणजे इनुइट नव्हेत, भाषा वेगळी, अन्न वेगळं, त्यामुळे तीही जशीच्या तशी उचलून उत्तरेला नेता येणार नाही, लेखात दोघांना ‘मूळनिवासी’ म्हणून एकाच पोत्यात भरू नका. आपल्याकडे हिंदी एमएमएसई १९९५ ची आहे, हरियाणातल्या बल्लभगडच्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी केलेली.

माझं भाषांतर: ‘इनुइटांच्या जगण्याला धरून स्मृतिभ्रंशाची चाळणी’. मथळ्यात ‘चाळणी’ एकदम अंगावर आली तर ‘प्राथमिक चाचणी’ करा, हरकत नाही. ‘इनुइटांच्या’ की ‘इनुइटच्या’ यावर वाद होईल. मूळ शब्द आधीच अनेकवचनी आहे हे खरं, पण मराठीत आला की आपला सामान्यरूपाचा नियम लागणार, मी ‘इनुइटांच्या’च लिहितो.