‘लागलं’ या शब्दापाशी थांब

प्रिय मित्रा,

व्यसनासाठी तुझ्याकडे उपचाराला येणाऱ्या त्या माणसाबद्दलच्या तुझ्या टिपणातलं ‘हा जबाबदारी टाळतो’ हे वाक्य आधी खोड. पुरावा म्हणून तू त्याचंच बोलणं दिलं आहेस: ‘मला व्यसन लागलं.’ पण आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं आणि लळाही लागतो. त्याचं ‘लागणं’ यातलं कुठलं, हे तू विचारलंच नाहीस.

सुरुवातीच्या वर्षांत मी एकाला सुनावलं होतं, ‘लागलं नाही, तू घेतलंस.’ त्याने मान हलवली. पुढच्या भेटीपासून त्याचं प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू व्हायला लागलं आणि मला वाटलं, सुधारतोय. त्याने माझी भाषा पाठ केली होती, एवढंच. स्वतःची मिटून टाकली. ते अजून सलतं. ‘मी व्यसनी आहे’ हे वाक्यसुद्धा जपून ऐक. कुणाला त्याच्या आधाराने उभं राहता येतं, तर कुणी त्याच्याआड दडून बसतो.

मनोविश्लेषणाकडे झुकलेले मानसोपचारतज्ज्ञ एडवर्ड खांट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडलं, की माणूस नशेकडे वळतो तो बरेचदा असह्य भावना शमवायला. म्हणून ‘किती घेतोस’ यासोबत ‘घेतल्यावर काय थांबतं’ हेही विचार. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याचा मित्र फ्लाइश्ल-मार्क्सोव्ह मॉर्फिन घ्यायचा, ते अंगठा कापल्यानंतर मागे राहिलेल्या वेदनेपायी. कोकेनने मॉर्फिन सुटेल, या आशेवर फ्रॉइडने १८८४ मध्ये त्याला कोकेन दिलं. वेदना होती तिथेच राहिली आणि दोन्ही पदार्थ मानगुटीवर बसले. १८९१ मध्ये तो गेला. इलाजाची घाई फ्रॉइडलाही आवरली नव्हती, हे लक्षात ठेव.

मात्र अंग थरथरत असताना शब्दांचा अर्थ शोधत बसू नकोस. खूप पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर.

आणि एक. अनेकदा सांगून गुळगुळीत झालेली कहाणी तो पुन्हा सांगेल. सांगू दे. तूच लिहिलं आहेस, की ‘आई गेली’ आणि ‘मग ते सुरू झालं’ यांच्यामध्ये तो थांबला. नशेचं नाव न घेता नुसतं ‘ते’ म्हणाला, हेही तू टिपलंस. पण त्या थांबण्यात तूच पुढचा प्रश्न विचारलास. पुढच्या भेटीत तो तिथे आला की गप्प राहा. त्याला हवा तेवढा वेळ.

तुझा,
जुना सहकारी